तामड्याच्या पुड्या

शहापूरच्या खडेबाजाराला
खड्यांवरून नाव पडलं, असं मामा सांगतो.
समोरचा सायकलवाला म्हणतो, छे, बाजार उभ्या-उभ्या भरायचा म्हणून.
तीस वर्षं हे भांडण, आणि चहा एकाच किटलीतला.

मामाकडे हिरा नाही, माणिक नाही.
तामडा. नुसता तामडा.
एकेक रंग वेगळ्या पुडीत,
पुडीवर अक्षर माझं, नाव त्याचं:

कोकमाच्या आगळाचा.
जांभूळ खाल्लेल्या जिभेचा.
खानापूरच्या कौलाचा, भट्टीतून जरा लवकर काढलेल्या.
गोमेद, नव्या गुळाचा.
गोमेद, जुन्या गुळाचा.
आणि कापसावर, डबीत, एकटाच हिरवा.
तोही तामडाच, पण मामा त्याला पाहुणा म्हणतो,
विकत नाही.

बैलहोंगलहून येणाऱ्या बायका मागतात, केंपु हरळु.
मामा विचारतो, कसला केंपु?
केंपु म्हणजे केंपु, म्हणून बाई पिशवी मांडीवर घेते.
तो पुडीमागून पुडी सोडत जातो.
बाईची बस चुकते.

शिमग्यानंतर त्याच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
पट्टी सुटली त्या दिवशी घरी न जाता दुकानात आला.
डावा डोळा झाकला. मग उजवा. पुन्हा डावा.
"काय बघुलीस गे? ट्यूब बंद कर, दार सताड उघड."
सगळ्या पुड्या गादीवर ओतल्या.
गादीची चादर पांढरी आहे
हे त्याला तेव्हा कळलं.

जुना गूळ जुना नव्हताच.
ते त्याच्याच डोळ्यात मुरत गेलेलं वय.
कोकमात निम्मी जांभळं निघाली.
कौलाच्या पुडीतून दोन खडे असे उठले
की त्यांना नाव द्यायला त्याला पाणी प्यावं लागलं.
किती वर्षं, हे मी विचारलं नाही.
तो बोटांवर गिऱ्हाइकं मोजत होता.

एका बोटाशी थांबला.
हौसाबाई मगदूम, निपाणी. तंबाखूच्या वखारीत होती.
बुगडीतला एक खडा हरवला, जोड लावून पाहिजे, म्हणाली होती.
त्यानं लावून दिला. तिनं उन्हात धरला,
"थोडा वेगळा वाटतोय, अण्णा."
"तुमच्या डोळ्याचा भास," असं हा म्हणाला.
आणि तिनं, ऐका, तिनं माफी मागितली,
पैसे मोजले, वर सुट्टे राहू द्या म्हणाली.

बिलबुकं काढली. सहा वर्षांमागची पावती, पत्ता अर्धा वाळवीनं खाल्लेला.
खरा जोड सापडायला तीन दिवस गेले,
रोज सकाळी दहा ते अकरा, तेवढंच ऊन दारात येतं.
मग खडा घडीच्या कागदात, कागद बनियनच्या खिशात,
आणि मामा निपाणीच्या गाडीत, संकेश्वरपर्यंत उभ्यानं.

रात्री आला. जेवला. हात पुसता पुसता म्हणाला:
सापडली. बुगड्या कानातच होत्या.
हौसाबाई, म्हटलं, चूक माझी होती, तुमचं बरोबर होतं.
तिनं एक बुगडी काढून डोळ्यापाशी नेली,
दुसरी नेली, खूप वेळ बघितलं.
तिच्या दोन्ही डोळ्यांत सायीएवढा पडदा.
"सारखेच की हो दोन्ही," म्हणाली.
"तुम्हीच बरोबर होता तेव्हा.
मीच मेली उगाच बोलले."

खडा परत आलाय. नवी पुडी केली,
वर काय लिहू, विचारलं, तर म्हणे, निपाणी लिही.

डाव्या डोळ्याची तारीख दोनदा मिळाली, दोनदा पुढे ढकलली त्यानं.
डॉक्टरीणबाई माझ्यावर चिडतात.
मामा म्हणतो, असू दे गे.
ती कधी दुकानात आलीच,
तर तिच्यासारखं बघायला
एक डोळा असावा माझ्याकडे.