सहा ते वीस

सकाळचे आठ, बाहेर अजून रात्रच.
गोठलेल्या सरोवरावरून आलेलं वारं
क्युओपिओच्या या इमारतीत दाराच्या फटीतून शिट्टी घालतंय,
आणि रेइयो केत्तुनेन, वय सत्तावन्न,
बूट झटकून, लोकरी टोपी हीटरवर वाळत टाकून
विचारतो, "कुठे पळायचं?"
जणू आग लागलीय.

अग्निशमन दलात एकतीस वर्षं.
धुरात शिरणाऱ्यांना दरवर्षी इथे यावं लागतं,
माझ्या खोलीत, जिथे धूर नाही.
एक पंखा आहे, तो फक्त तोंडावर वारा देतो.

छातीवरचे केस मी काढते, बटणाएवढे गोल गोल,
तिथे इलेक्ट्रोड चिकटवते. तो छताकडे बघतो.
मागच्या वर्षी यातले चार-दोन तरी काळे होते.
मास्क मात्र तो स्वतः चढवतो,
पट्टे एका हाताने ओढून, हनुवटी आधी आत.
मी हात मागे घेते.
मास्कच्या बाबतीत याला सांगणारी मी कोण?

मास्क चढला की बोलणं बंद.
म्हणून समोर हा तक्ता, सहापासून वीसपर्यंत.
सहा म्हणजे काहीच नाही, खुर्चीत बसल्यासारखं.
तेरा, थोडं जड. सतरा, फार जड.
वीसच्या पुढे आकडे नाहीत.
दर तीन मिनिटांनी मी विचारायचं, किती?
त्याने बोट ठेवायचं.

पट्टा सुरू. अकरा.
कानाच्या पाळीला सुई, थेंबभर रक्त.
यंत्र म्हणतं, दीड. ठीक.
चढ वाढवते. तेरा.
रक्त म्हणतं, चार.
चढ वाढवते. तेरा.
पाय आता आपटतायत, नळीत वाफेचं पाणी साचतंय,
छातीचा भाता झालाय,
रक्त म्हणतं, नऊ,
बोट थरथरत येतं, शोधतं,
आणि तेरावर बसतं.

आमच्या सावोकडची माणसं अशीच.
माझे वडील तोडलेल्या बर्चखाली पाय अडकून
दोन तास बर्फात पडले होते.
शेजारी आला तेव्हा म्हणाले,
"वेळ असेल तर जरा हात लाव."

मग पडद्यावरची रेघ चढायची थांबली.
सपाट झाली.
खोलीत हवा भरपूर होती.
या देहाला तिच्यातून आणखी काही घेता येत नव्हतं,
एवढंच ती रेघ सांगत होती.
त्याने दांडी धरली. मी पट्टा थांबवला.

दम खा, मी म्हटलं.
गुडघ्यांवर हात, मास्कमधून लाळेची तार,
एवढा मोठा माणूस, आणि खोलीभर फक्त त्याची धाप.
धुरात जोडीने शिरतात, तो मागे एकदा म्हणाला होता,
डोळ्यांना काही दिसत नाही,
जोडीदार कसा आहे ते त्याच्या श्वासावरून ओळखायचं.
विचारलं तर प्रत्येकजण ठीकच असतो.

"किती?"
आता तो विचारत होता.
दोन लिटर नव्वद. मिनिटाला.
"आणि लागतात तीन."
"तीन."
मधलं अंतर पेलाभरसुद्धा नाही.
पुन्हा येता येईल, सहा आठवड्यांनी, मी म्हटलं,
सर्दी असेल, रात्रपाळी असेल, कॉफी जास्त झाली असेल.
तो कानाला कापूस धरून ऐकत राहिला,
मी सांगितलेलं एकेक कारण
लहान मुलाने दिलेल्या गोळीसारखं घेत.

"आमच्याकडे सान्ना नावाची पोरगी आलीय," तो म्हणाला.
"जिने चढते आणि वर जाऊन गप्पा मारते."
टोपी वाळली नव्हती. तशीच घातली.

दाराशी जाऊन परत आला.
मला वाटलं, हातमोजे राहिले.
तक्त्यासमोर उभा राहिला, मास्क नाही, काही नाही,
बोलता येत होतं,
आणि सतरावर बोट ठेवलं. जरा वेळ.
मग गेला.

बाहेरच्या बाकावर एक स्कीपटू मुलगी
बुटांच्या नाड्या बांधत होती.
ठसा ओला होता.
पुढच्याला आधीच्याचं उत्तर दिसू नये,
असा नियम आहे.
मी स्पिरिट घेतलं, पुसला.