आते डावं

मशीन आलं ते पार्सल ऑफिसातून, हातगाडीवर,
गाभण म्हैस न्यावी तशा काळजीनं.
लेखराजशेठ पुढे, मागे आम्ही अकरा पोरं,
आणि डोक्यावर भुसावळचं सेहेचाळीस डिग्री ऊन.

टॉकीजमागच्या गल्लीत, खसच्या कूलरशेजारी
त्याला जागा मिळाली.
सीट फाटलेली, गिअर नुसता नावाला,
आणि पडद्यातला हिरवा रंग गेलेला.
म्हणून जंगल जांभळं.
म्हणून बर्फ गुलाबी.
शर्यत कुठल्या देशातली, कोणाला ठाऊक;
आम्हाला वाटलं तिकडं बर्फ असाच पडत असेल,
वरून सरबत ओतलेला.

स्पीकर जळालेला.
शेजारी बसून पुढचं वळण सांगणारा एक माणूस
त्या गाडीत होता म्हणे.
त्याचा आवाज भुसावळला पोचलाच नाही.
फक्त बाण यायचे, लाल,
आणि तेही उशिरा.

सिकंदर तडवी यावलहून यायचा, मामाकडे, सुट्टीत.
त्याच्या खिशात रुपये,
माझ्या खिशात लोको शेडमधले वायसर.
शेठनं ते दुसऱ्याच दिवशी ओळखले
आणि माझ्या कानालाही तसंच भोक पाडायचं कबूल केलं.

मग मी सीटमागे उभा राहिलो.
बावीसचा पाढा मला आजही येत नाही,
पण ती सदतीस वळणं पाठ झाली.

आते डावं, भो. आते धीरे.
पूल येईल. पुलानंतर लांबट उजवं.
दाबू नको, दाबू नको...
सोडी दे!

गाडी टेकाडावरून हवेत,
आणि सिकंदरची चप्पल पायातून सुटून
कूलरखाली.

स्टिअरिंग डावीकडे ओढायचं.
नवी पोरं थेट झाडांत.
सिकंदर बोटभर उजवं धरून ठेवायचा, कायम,
सरळ रस्त्यालासुद्धा,
हट्टी बकरीचं दावं धरावं तसं.
विचारलं तर म्हणायचा, मी कुठं धरतोय?

एकदा शेवटच्या चार वळणांआधी लाइट गेली.
गल्लीच्या टोकाला दीपनगरची चिमणी,
धूर सोडत,
आमची वीज कुठल्या कुठं पाठवत.
काळ्या काचेत आमची दोन तोंडं.
मी थांबलो नाही.
उजवं, डावं, परत डावं, आणि ते वाकडं उजवं
अंधारातच सांगितलं,
त्यानं अंधारातच घेतलं.
शेठ म्हणाला, आला रे पहिला.
रुपया मात्र परत दिला नाही.

तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
मशीन कोणत्या साली भंगारात गेलं,
मी बघायलाही गेलो नाही.

परवा, श्रावणात, सावद्याहून निघालो,
मागे केळी, मध्ये त्याच्या पोरीचा डबा,
पुढे पालचा घाट.
फोनमधली बाई वळणं सांगत होती
शुद्ध भाषेत, न चिडता.
मग रेंज गेली आणि ती अर्ध्या वाक्यात गप्प.

सिकंदर माझ्याकडे बघत नव्हता.
सांग ना भो, म्हणाला.

मला हा रस्ता माहीत नव्हता.
हेडलाइटमध्ये सागाची पानं हिरवी,
एवढी हिरवी
की क्षणभर जंगलच खोटं वाटलं.

आते डावं, मी म्हणालो.

वळण उजवं होतं.

त्याचा हात बोटभर उजवीकडेच होता,
आधीपासून.

मागे केळीचे घड एकमेकांवर कलले
आणि परत बसले.