तांब्याला घाई चालत नाही

तबस्सुम आली तेव्हा लेथवर ट्रॅक्टरचा बुश चढवलेला होता.
"काका, एवढ्याशा तुकड्यात नाल्या पाडून देता का?
दीड मिलिमीटरच्या. चौदा."
तळहातावर तांबं. जळालेल्या डीपीतली पट्टी,
भंगारातून किलोवर घेतलेली,
एका अंगानं काळीशार.

मी म्हटलं, कामून?
म्हणाली, कॉम्प्युटरला पाणी पाजायचंय.

जुना जालना, मे महिना, चव्वेचाळीस.
बापाच्या सायकल मार्टच्या माळ्यावर, पत्र्याखाली,
ती लग्नाचे व्हिडिओ कापते.
बारा वाजले की प्रोसेसर सत्त्याण्णववर जातो
आणि मशीन डोळे मिटतं.
गेल्या हप्त्यात चार वेळा, एकाच जागी:
अंतरपाट धरलेला,
नवरी पलीकडे हार उचलून उभी,
भटजींचं तोंड उघडं,
आणि काळा पडदा.
"पार्टी रोज फोन करते, काका. लग्न लागलं का म्हणून."

लोखंडाचं बरं असतं, ते भांडून का होईना कापू देतं.
तांबं मऊ. मऊ म्हणून धरून ठेवतं.
पहिला बिट मोडला. दुसरा मोडला.
मग आठवलं, आणि पोराला पिटाळलं टपरीवर,
अर्धा कप कच्चं दूध आण.
थेंब थेंब सोडत गेलो,
तशी कातण निघाली, लांब, वळलेली, गुलाबी.
शेजारच्या शेडमधला भुतेकर दारातूनच ओरडला,
अभिषेक चाललाय का मिस्त्री?

हे दूध बापाचं.
तांबट होता तो. घागरीच्या पोटात एक हात घालून बसायचा,
बाहेरून दुसऱ्या हाताचे ठोके.
स्टील आलं, मग प्लास्टिक आलं,
मग त्याचे ठोके थांबले आणि मी लेथवर आलो.
त्याच्या तांब्यात लोकांचं पाणी निवायचं.
ह्या पोरीला पाण्यानं तांबं निववायचंय.
त्याला सांगितलं असतं तर
त्यानं आधी तुकडा वाजवून बघितला असता.

झाकण अॅक्रिलिकचं,
बंद पडलेल्या दवाखान्याच्या पाटीतून कापलेलं;
आतून अजून "दंत" एवढं वाचता येतं.
पंप कूलरचा. जाळी मारुती व्हॅनच्या हीटरची.
तळ तिनंच घासला,
काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून, दोन संध्याकाळ,
तांब्यात तिच्या नाकातली चमकी दिसेपर्यंत.

पाणी मात्र नळाचं नको, बोअरचं तर नकोच,
महिन्यात चौदाच्या चौदा नाल्या चुन्यानं बुजतील.
बॅटरीवाल्याकडचं आणलं, कॅनमधलं.
आमच्याकडे नळ येतो नवव्या दिवशी.
तिच्या आईनं कॅन उचलून बघितला.
"इत्ताच?"
"इत्ताच, अम्मी. पाऊण लिटर. तेच तेच फिरतं."
आई म्हणे बराच वेळ नळीकडे बघत बसली,
आणि मग विचारलं,
घरासाठी असलं काही करता येत नाही का.

पहिल्या रात्री ठोकळा कोरडाच चालवला, म्हणजे
मशीनला न जोडता, पेपरावर ठेवून.
सकाळी एक डाग, मोसंबीच्या भावावर.
चौथा स्क्रू पाव आटा. त्याहून जास्त नाही,
अॅक्रिलिक सांगून फुटत नाही.
दुसऱ्या रात्री पेपर कोरडा.

पैसे विचारले तिनं. दुधाचे दहा घेतले,
बिटचे नंतर बघू म्हटलं.

सोमवारी, भर दुपारी दोन वाजता फोन.
मागं पंख्याची घरघर, पंपाची बारीक गुणगुण.
"एकाहत्तरच्या वर जात नाही, काका.
अंतरपाट पडला."

मी हात धुवायला गेलो.
बोटांना तांब्याचा वास होता, बापाच्या हाताला असायचा तो.
साबणानं गेला नाही.
मीही फार घासला नाही.