नमुना क्रमांक चार

होंड्याच्या काजू कारखान्यातून
दर शनिवारी तीन पोती घेऊन मी साखळीला येते.
एक मांडीवर, दोन पायांत.
कंडक्टर विचारतो, कितें गे, भांगर?
मी म्हणते, साल.

काजूच्या गराला चिकटलेली
तांबूस, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ साल.
ती निघाली की गर गोरा होतो आणि भाव चढतो.
साल जाते बॉयलरखाली.
आईनं सव्वीस वर्षांत सोललेली एका जागी पेटवली असती
तर पिसुर्ल्याहून धूर दिसला असता.

कॉलेजात मी ती दळते, चाळते,
पाणी घातलेल्या अल्कोहोलात रात्रभर भिजवते,
गाळते, आटवते.
मामा म्हणतो, भाची शेवटी भट्टीलाच लागली,
फक्त पिण्याजोगं काही काढत नाही.
त्याच्याकडून बोंडू तुडवून उरलेला चोथाही मागितलाय.
तो पुढच्या हंगामासाठी.

बाटलीच्या तळाशी उरतं ते गडद, चिकट, कडू.
(हो, चाखलं. लुर्द मॅडमना सांगू नका.)
मग एक जांभळं द्रावण,
शाळेच्या गणवेशावर पडायचा तसल्या डागाचं,
त्यात या अर्काचे चार थेंब.
अर्धा तास अंधारात.
बाहेर काढलं की पिवळं,
दसऱ्याच्या रोजासारखं पिवळं.
जितकं पिवळं तितकी साल गुणी.

मॅडम शिकवतात: ज्या हवेवर जगतो
तीच तेलाला खवट करते,
कापल्या केळफुलाला काळं,
लोखंडाला तांबडं.
साल गराला तिच्यापासून राखत होती.
आम्ही राखणदार सोलून काढतो
आणि गर प्लास्टिकच्या पाकिटात, नायट्रोजन भरून, दुबईला पाठवतो.

अंगणात बाबांचा टिपर उभा आहे.
खाण बंद झाली तेव्हापासून तिथेच.
हौद्यात बेडूक,
दाराच्या भोकातून तवशाचा वेल आत जाऊन
स्टिअरिंगला दोन वेढे घालून बसलाय.
बाबा त्याची तवशी काढतात, गाडीकडे बघत नाहीत.

नमुना क्रमांक चार मात्र
जांभळाचा जांभळाच राहिला.
तीनदा केलं. अल्कोहोल बदललं, नळ्या बदलल्या,
वजनकाट्यावर संशय घेतला, स्वतःवरही.
अहवाल तोंडावर.
शेवटी पोतं घरी आणलं
आणि काही न बोलता पडवीत ठेवलं.

आईनं मूठभर साल तळव्यावर घेतली,
अंगठ्यानं चुरली,
नाकाशी नेली.
हें लासलां, म्हणाली. बुधवाराचें.
त्या दिवशी अर्नाल्द बहिणीच्या लग्नाला गेला होता,
वाळवणीच्या भट्टीकडे कुणी बघितलंच नाही,
संध्याकाळपर्यंत गर तडकत होते,
तुकड्यांचे पैसे आमच्याच हजेरीतून कापले.

मी वही उघडली.
नमुना चार: बुधवार.

सोमवारी तिला कॉलेजात घेऊन गेले.
ती नवी चप्पल दाराबाहेर काढून आत आली,
स्टुलावर अर्धीच बसली.
नमुना दोनचे थेंब टाकले, खोक्यात ठेवलं,
अर्धा तास ती खिडकीतून वाळवंटी नदी बघत राहिली.
बाहेर काढलं. पिवळं.
ती खूप वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली,
किलोला कितलें?

अजून भाव नाही, म्हटलं.
हं.
आनी तुज्या बापायच्या टिपराक लायल्यार?
लोखंडाला नाही चालत, आई.
हं, पुन्हा म्हणाली,
म्हणजे खावपाचेंच राखता.

निघताना बेसिनवर हात धुतले.
साबण दोनदा लावला.
बोटांच्या पेरांतला तांबूस रंग होता तिथेच होता,
माझ्या बाटलीच्या तळाशी असतो तोच.
नॅपकिन कुठे टांगायचा विचारलं,
आणि मी सांगेपर्यंत
पदराला हात पुसून मोकळी झाली.

अहवालात एक रकाना आहे: नमुन्याचा स्रोत.
त्यात 'स्थानिक' लिहायची पद्धत.
मी लिहिलं: सत्यवती गांवस, सोलणी विभाग, होंडा.
मॅडमनी पेन्सिलीनं खाली एक रेघ ओढलीय.
खोडायची की तशीच ठेवायची,
ते अजून विचारलेलं नाही.