किती ठेवू?

वेणी घालायला मी शिकलो
खिडकीच्या गजाला बांधलेल्या नायलॉनच्या दोरीवर.
तीन पेड. उजवा मधे, डावा मधे.
सुलभाची ससूनला पहिली पाळी, माझी कात्रज डेपोत दुसरी,
त्यामुळे सकाळी पावणेसातला घरात उरायचो
मी, कस्तुरी आणि कस्तुरीचे केस.

पहिला महिनाभर वेणी डावीकडे ओढायची,
अलाइनमेंट गेलेल्या बससारखी.
मग जमायला लागली.
नखांतलं ग्रीस निघत नाही,
म्हणून आधी लिंबाच्या सालीनं हात घासायचे,
मग खोबरेल, मग कंगवा,
मग तिची बडबड:
कुणाच्या डब्यात काय होतं, कोण कुणाशी बोलत नाही,
गणिताच्या बाई कुणाला बघून हसल्या.
तोंड माझ्याकडे नसलं
की ती सगळं सांगते.

परवा म्हणाली, "केस कापायचेत. बारीक."
का गं?
"खो-खोत औट झाले.
मी खांबाला पोचले होते, बाबा.
मी पुढे गेलेले, वेणी मागे राहिली.
तिला हात लागला.
बाई म्हणाल्या, वेणी म्हणजे पण तूच."
जरा थांबून म्हणाली,
"मी नाहीये वेणी."

मी म्हणालो, अंबाडा घालू, घट्ट.
नको.
दोन वेण्या, वर बांधून?
नको ना.
मोबाइलवर बघून वेगळं काहीतरी शिकतो, एका दिवसात शिकतो.
ती माझ्याकडे बघत राहिली,
ब्रेकची तक्रार घेऊन आलेल्या माणसानं बघावं
आणि मी त्याला रंगाचे डबे दाखवत असावं, तशी.

रात्री सुलभा गरम पाण्यात पाय सोडून बसली होती.
तिला सांगितलं.
"डोकं कुणाचं?" म्हणाली, आणि टॉवेल मागितला.
ती नाही म्हणेल असं वाटलं होतं.
वाटलं कसलं,
मी त्याच्यावरच बसलो होतो.

रविवारी धनकवडीत पंडितांच्या दुकानात.
खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकून त्यांनी तिला बसवलं,
गळ्याशी कापड खोचलं
आणि आरशातून मला विचारलं,
"किती ठेवू?"

खांद्यापर्यंत.
शब्द जिभेवर तयार होता.
खांद्यापर्यंत म्हणजे, आखूड का होईना,
एक वेणी पडते.
बाकावरच्या गृहस्थांनी पेपर खाली केला,
"एवढे छान केस पोरीचे..."
दुकानात पंखा तेवढा बोलत होता.
"तिला विचारा," मी म्हणालो.

पंडितांनी खुर्ची जराशी फिरवली. "बोला, मॅडम."
कापडाखालून हात बाहेर आला,
कानाच्या पाळीवर दोन बोटं आडवी.
"एवढे. आणि मागून मशीन."

पहिली कात्री जड चालते, दोरखंडावर चालावी तशी.
वेणी अख्खी हातात आली, खाली रबर तसंच.
"ठेवायची का?"
"बाबांना द्या," ती म्हणाली,
आरशात स्वतःकडेच बघत.

मग पंडितांनी मागे छोटा आरसा धरला.
मानेवर, केस संपतात तिथे, एक तीळ.
मला तो चार वर्षं माहीत होता.
"हा माझाय?" तिनं विचारलं.

सोमवारी पावणेसातला मी लिंबाची साल घासून हात धुतले.
सवय.
ती आली, ओला पंजा केसांतून फिरवला, झालं.
चौदा मिनिटं उरली.
मी पलंगाच्या कडेला, ती समोर, दप्तर पाठीला.
माझ्या मनगटात तिचं लाल रबर.
कुणालाच काही सुचेना.

मग तिनं दप्तर काढलं,
पलंगावर चढून माझ्या पाठीला पाठ लावून बसली.
"खो-खोत असंच बसतात," म्हणाली,
"एकाचं तोंड तिकडे, एकाचं इकडे.
मागे बघायचं नाही हं.
तर शनिवारी काय झालं..."