एडक्के

रात्री साडेनऊला आमची कॉलनी निजते.
खानापूरकडून येणारी शेवटची बस
चौकात थांबते, कुणी उतरत नाही,
कंडक्टर दारावर एकदा थाप मारतो,
तेवढाच आवाज.
मग पलीकडे युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचे दिवे
आणि अलीकडे आम्ही,
मधे एक नाला, दोन काजूची झाडं
आणि कुणाचा तरी अर्धवट राहिलेला पाया.

वरची खोली मी पोरींना भाड्यानं देते.
यंदा इंडीची आहे, रेणुका बिरादार,
सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला.
तिचं मराठी माझ्या कन्नडसारखंच:
क्रियापद येईपर्यंत आम्ही दोघी
एकमेकींच्या तोंडाकडं बघत बसतो.

जानेवारीत सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला
तिनं आमचीच कॉलनी घेतली.
तिपाईवर पिवळं यंत्र,
टोकाला एक पोरगा लाल-पांढरी काठी धरून.
मुचंडीकरांना वाटलं, रस्ता रुंद करायला आलेत.
बनियनवरच घराचे कागद घेऊन
ते फाटकात येऊन उभे राहिले,
दुपारपर्यंत.

संध्याकाळी तिनं नकाशा पसरला
माझ्या निवडायच्या तांदळावर.
"टीचर, रोड एल्ला एडक्के."
सगळे रस्ते डावीकडे.
सरळ दिसतात, पण नाहीत.
शंभर मीटरला हातभर,
चारही गल्ल्या, एकसारख्या.
सर म्हणाले, रीडिंग चुकलंय, परत मोज.
ती तीनदा मोजून आली होती.

मी तांदूळ बाजूला केले.

एकाहत्तरनंतर हा नुसता माळ होता.
जांभा, कुसळं, एक म्हसोबा.
लढाईवरून आलेल्या बावीस जणांनी सोसायटी काढली
आणि मोजणीदार काही येईना.
आज येतो, सोमवारी येतो.
तेव्हा हवालदार भैरू देसूरकर, माझे वडील,
म्हणाले, मी चालतो, तुम्ही खुंट्या मारा.
तीस इंचांचं पाऊल,
पलटणीनं वीस वर्षं घटवून घेतलेलं.
ते चुकणार नाही.

चुकलं नाहीच.
फक्त डावा गुडघा ते
पूर्वेकडच्या कुठल्याशा भाताच्या चिखलात
निम्मा ठेवून आले होते.
उजवं पाऊल तीस इंच जायचं,
डावं, कितीही ताणलं तरी, बोटभर कमी.
मागं मुचंडीकर, तेव्हा तरणाबांड,
हातोडा घेऊन.
प्रत्येक घावाला दादा दचकायचे,
मोजणी तिथंच थांबायची.
"किती झाले गं?"
मी सात वर्षांची, दोरीचं रीळ धरून,
आकडा सांगायची.
कधी कधी
अंदाजानंच.

पुढं मोजणीदार आला,
म्हसोबापाशी बसून चहा प्याला
आणि नकाशात सरळ रेघा ओढून गेला.
कागदावर आम्ही सरळच आहोत.

दादा लढाईचं कधी बोलले नाहीत.
सोसायटीच्या पहिल्या ठरावात मात्र आहे:
फटाके नाहीत, ताशा नाही, पिठाची गिरणी नाही.
दळणाला आम्ही अजून पिरनवाडीला जातो.

हे सगळं मी तिला सांगितलं,
माझ्या कन्नडात, म्हणजे निम्मंच.
तिनं विचारलं, रिपोर्टात काय लिहू?
कारणासाठी एवढीच जागा आहे.
बोटांनी दाखवली.
मला सुचलं नाही.

जेवणानंतर ती फाटक उघडून
गल्लीत उतरली.
डावं पाऊल आखूड टाकत,
ओंदु, एरडु, मूरु,
चप्पल घासत चालली अंधारात,
आणि गल्ली काही तिला अडवेना.

मुचंडीकरांची खिडकी उघडली.
ऐंशी पार केलेला माणूस,
दिवा न लावताच विचारता झाला:
"किती झाले?"

ती थांबली.
"नूर हदिनारु, अज्जा."

खिडकी उघडीच राहिली.