चार घरांची कड

ग्रिम्सबीत, फ्रीमन स्ट्रीटच्या मागं,
जिथं छपाईच्या शाईलाही खारा वास येतो,
मॉरीन ब्लँचर्ड तीन कागद घेऊन दुकानात आली.
"यातलं कुठलं गिऱ्हाईक परत आणेल, तेवढं सांग."

एकावर उभ्या रेघा, बिस्किटाच्या पुड्यावर असतात तशा.
एकावर रंगीत त्रिकोण, मांडवातल्या पताकांसारखे,
वाचायला वेगळं अॅप लागणारे.
एकावर काळापांढरा चौकोन:
तीन कोपऱ्यांत तीन डोळे, चौथा आंधळा.
त्या आंधळ्यावरूनच फोनला कळतं
वर कुठं, खाली कुठं.

तिन्ही छापले. नऊशे खोकी, तीन आठवडे.
आत कॉड आणि चिप्स, झाकणावर कोड,
कोडाच्या आत पुढच्या वेळचे वाटाणे फुकट.

रेघा: शून्य.
एका म्हाताऱ्यानं विचारलं, याचे पैसे वेगळे का?
त्रिकोण: चार. चारही माझेच, तपासणीचे.
चौकोन: दोनशे बारा,
त्यातले एकोणीस पब बंद झाल्यावरचे.

मॉरीन हळहळली. "सुंदर होते गं ते त्रिकोण."
सुंदर होतेच.
पण त्यांच्यासाठी आधी काहीतरी उतरवून घ्या,
नाव द्या, वय द्या, मग वाटाणे.
भुकेला माणूस कुणाचे एवढे कोड पुरवत नाही.

हे मला मराठीतच सुचलं.
इंग्रजीत सांगेपर्यंत नुसता काटा उरला.
तिला कसं सांगणार, की आमच्यात कोड म्हणजे लाड,
कोडं म्हणजे न सुटलेलं,
आणि कोड म्हणजे हेही,
डाव्या मनगटापासून कोपरापर्यंत
माझ्या हातावर पसरत गेलेलं पांढरं.

अकोल्यात बघायला यायचे.
चहाचा कप पुढं करताना बाही सरकायची,
दीड सेकंद. तेवढ्यात वाचून व्हायचं.
चिवड्याची बशी तशीच.
इतकं जलद यंत्र मी इथंही पाहिलं नाही.

शनिवारी ती एक तेलकट खोकं घेऊन आली, घाबरलेली.
चौकोनाचा एक तुकडा हॅडकच्या तेलात बुडून गेलेला.
फोन धरला. वाचला.
"यातलं पाव गेलं तरी चालतं," मी म्हटलं,
"गेलेलं काय होतं, ते उरलेल्यात लिहून ठेवलेलं असतं."
एवढं बोलले आणि उगाच घसा खाकरला.

मग तिचा नवा हट्ट:
भोवतीची ही कोरी जागा वाया कशाला?
मासा काढ, लिंबू काढ, फोन नंबर घाल.
काढून दाखवलं.
फोन नुसता बघत राहिला,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखा दारोदार.

भोवती थोडं गप्प लागतं, मॉरीन.
चार घरांचं, चारी बाजूंनी, काही न लिहिलेलं.
नाहीतर आपण कुठून सुरू झालो
हे समोरच्याला कळतच नाही.

तिनं माझ्या हाताकडं पाहिलं.
कटरवर बसताना बाह्या दुमडाव्याच लागतात.
"पीठ उडालंय का गं?"
नाही, म्हटलं. माझंच आहे.

"बरं," म्हणाली. पाकीट उघडलं, नोटा मोजल्या.
"सहाशे खोकी. सोमवारपर्यंत.
आणि ती कड कोरीच ठेव."